ओवैसच्या तोंडचं वाक्य

"नाटकां नको करू. ऊठ."

ताहेराला पहिल्यांदा वाटलं, हे आपणच बोललो. भर थिएटरात, एवढ्या माणसांत. तिचा हात आपसूक तोंडाकडे गेला. कुणी वळून बघतंय का, म्हणून तिनं मान खाली घालून डोळ्यांच्या कडेनं पाहिलं. कुणीच वळलं नव्हतं. सगळे चेहरे पडद्याकडे लागलेले, पडद्याच्या उजेडात पिठासारखे पांढरे. शेजारी तिची मुलगी मुस्कान एक पाय खुर्चीवर दुमडून बसली होती आणि तिचं तोंड किंचित उघडं होतं, लहानपणी झोपेत असायचं तसं. मग ताहेराच्या ध्यानात आलं की वाक्य पडद्यावरून आलं. सिनेमाचा हिरो, ओवैस बोलला. खाली इंग्रजीत त्याचा अर्थ उमटून पुसलाही गेला होता आणि सिनेमा पुढे सरकला होता. ताहेराचे तळपाय मात्र गार पडले होते. एसीनं नव्हे. एसी मघापासून चालूच होता. हे वाक्य तिनं आयुष्यात दोनदा उच्चारलं होतं. एकदा नऊ वर्षांपूर्वी, इथंच बहरीनमध्ये, हूऱ्यातल्या लाँड्रीवरच्या त्या घरात, आपल्या नवऱ्याला. आणि दुसऱ्यांदा दोन वर्षांपूर्वी झल्लाकच्या हॉटेलात, या मुलाला. त्यापलीकडे कुणाच्या कानावर ते गेलं नव्हतं, आणि आता शुक्रवारच्या दुपारी, जुम्म्यानंतर नवे कपडे घालून आलेल्या दीडदोनशे लोकांनी ते ऐकलं होतं.

पडद्यावर कामगारांची खोली होती. दोन लोखंडी खाटा, मध्ये पंखा. वरच्या पट्टीवर वाळत घातलेला बनियन. थोरला भाऊ खाटेच्या काठावर बसून छाती चोळत होता आणि धाकटा, म्हणजे ओवैस, भिंतीकडे तोंड करून पडला होता. थोरला म्हणाला, आज नाय जात, जड लागतंय. ओवैस उठला नाही. त्यानं मान तेवढी वळवली, ते वाक्य म्हणाला आणि भावाच्या मांडीवरची चादर दोन बोटांनी ओढून बाजूला टाकली. अंगठा आणि मधलं बोट. खरकटं उचलतात तशी. ताहेरा त्या दोन बोटांकडे बघत राहिली. ती तिची बोटं होती. तिनं ओवैसला चादरीचं सांगितलं होतं का? सांगितलं नव्हतं. बहुधा दाखवलं होतं. बोलता बोलता हॉटेलच्या सोफ्यावरचा टॉवेल ओढून बाजूला केला असेल, आणि तो बघत असेल. तो सतत बघतच असायचा. हा प्रसंग लिहिलेल्या कागदांत नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कोकणी बोलीतलं सगळं बोलणं तिच्याच हातून गेलं होतं, अकरा पानं. त्यात थोरला भाऊ सकाळी गुपचूप उठून जातो आणि धाकटा झोपलेलाच असतो. झोपलेला. बिनगुन्ह्याचा.

हे काम तिच्याकडे आलं तेही दाताच्या दुखण्यापायी. ती हूऱ्यातल्या एका दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसते, नावं घेते, वेळा देते. सुयोग नावाचा पुण्याचा एक तरुण सुजलेला गाल धरून बसला होता, आणि ताहेरा फोनवर आपल्या राजापूरच्या बहिणीशी बोलत होती. फोन ठेवल्यावर तो गाल धरूनच जवळ आला. "ताई, तुम्ही आत्ता जे बोलत होता ना, ते कुणाला शिकवाल का?" एक ब्रिटिश सिनेमा इथं होणार होता, सुयोग त्यांची इथली सगळी व्यवस्था बघत होता, आणि त्यांच्या हिरोला कोकणी मुसलमानाची बोली हवी होती. ताहेराला हसू आलं. जी भाषा शाळेत बोलली म्हणून बाईंनी हातावर पट्टी मारली होती, ती भाषा शिकायला कुणी विलायतेहून यावं! मुस्कान तेव्हा सतरा वर्षांची होती. तिनं नाव ऐकलं आणि किंचाळलीच. "अम्मी! ओवैस सारंग? डू यू ईव्हन नो हू ही इज?" ताहेराला माहीत नव्हतं. मुस्काननं फोनवर फोटो दाखवला. अकरा वर्षांचा पोरगा, ओले केस कपाळावर, रडून सुजलेले डोळे थेट बघणाऱ्यावर लावलेले. तो फोटो पोस्टरांवर, मासिकांवर, कुठं कुठं छापला गेला होता म्हणे. त्या रडण्यासाठी त्याला बक्षीस मिळालं होतं.

सहा आठवडे, दवाखाना सुटल्यावर, रोज दुपारी गाडी यायची आणि तिला झल्लाकला घेऊन जायची. नवरा, हारून, गेल्यावर वाळूतली ती बाजू तिनं पाहिलीच नव्हती. तिचं बहरीन हूऱ्यापासून बाजारापर्यंत. हॉटेलच्या गच्चीतून समुद्र दिसायचा, पश्चिमेचा, सपाट, किनाऱ्याला चिकटून बसलेला. ओवैस अनवाणी बसायचा. चोवीस वर्षांचा, बारीक, नखं खाल्लेली. त्याचे आजोबा रत्नागिरीकडचे, बोटीवर होते. तिथून उतरून ब्लॅकबर्नच्या कापडगिरणीत लागले. बापाचं चष्म्यांचं दुकान. आजोबांची भाषा बापाला समजायची, ओवैसला नुसती आठवायची. सूर आठवायचा, शब्द नाही. ळ त्याला काही केल्या जमत नव्हता. 'काला' म्हणायचा, 'डोला' म्हणायचा. ताहेरा त्याला जीभ मागे वळवून दाखवायची आणि तो तिच्या तोंडात इतक्या लक्षपूर्वक बघायचा की दवाखान्यातल्या डॉक्टरची आठवण व्हावी. पाचव्या दिवशी तो 'गळा' म्हणाला, नीट म्हणाला, आणि उठून गच्चीभर नाचला. "खाला, गळा! गळा!" ताहेरालाही इतकं हसू आलं की तिला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला. घरी मुस्कान रोज विचारायची, आज काय बोलला? आणि ताहेरा रोज थोडं सांगायची, थोडं ठेवायची. कित्येक वर्षांत स्वतःपाशी ठेवण्यासारखं काही नव्हतं तिच्याकडे.

तो आपल्याबद्दल तुकड्यातुकड्यांनी सांगायचा, इंग्रजीत, मध्येच शिकलेला एखादा शब्द पेरून. शाळेत काही लोक आले होते, रांगेत उभं करून प्रत्येकाला स्वतःचं नाव रागानं म्हणायला लावलं होतं, त्यातून तो निवडला गेला. मग तो सिनेमा, मग बक्षीस, मग आईनं शिवलेला काळा कोट घालून मोठमोठ्या माणसांबरोबर फोटो. तेराव्या वर्षी आवाज फुटला आणि फोन यायचे थांबले. शाळेत पोरं मधल्या सुट्टीत त्याला घेरून म्हणायची, रड ना, रडून दाखव. एकोणिसाव्या वर्षी पुन्हा कामं आली, पण तीनदा ओळीनं तो पाठीवर बॉम्बची पिशवी घेऊन रेल्वे स्टेशनात शिरणारा पोरगा झाला. तिसऱ्या वेळी त्याच्या आजीनं टीव्ही बंद करायला सांगितला. मग एक वर्षभर त्यानं बापाच्या दुकानात लोकांच्या नाकावर चष्मे बसवले. "आय वॉज गुड ॲट इट, खाला. लोकांच्या चेहऱ्याला हात लावायचा आणि त्यांना ते चालायचं." मग कुणाच्या तरी छोट्या सिनेमात दोन प्रसंग मिळाले, त्यावरून हा मोठा आला. हा गेला तर पुन्हा चष्मे, असं तो हसत म्हणायचा, आणि मग नख खायला लागायचा.

आणि शेवटच्या आठवड्यातली ती दुपार. ओहोटी होती, पाणी इतकं मागे गेलेलं की समुद्र कुणी उचलून नेल्यासारखा वाटत होता. ताहेरानं सहज विचारलं, तू एवढासा होतास, एवढा रडलास कसा? ओवैसनं तोंडातलं नख काढलं. मग त्यानं सांगितलं. तीन दिवस त्याला रडू येत नव्हतं. कांदा लावून झाला, ओरडून झालं. चौथ्या दिवशी दिग्दर्शकानं त्याला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच सांगितलं, घरून फोन आला होता, तुझे आजोबा गेले. कॅमेरा चालूच होता. तो रडला. मग टाळ्या झाल्या. कुणीतरी कोकोचा कप हातात दिला आणि दिग्दर्शकानं मिठी मारून सांगितलं, खोटं होतं रे, आजोबा ठणठणीत आहेत. "आणि मी हसलो, खाला. मला बरं वाटलं. दॅट्स द थिंग. मला वाटलं, काय मस्त ट्रिक आहे." तीन आठवड्यांनी आजोबा खरंच गेले. मय्यत अंगणात ठेवली होती, सगळं घर रडत होतं आणि त्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. आई त्याला गदागदा हलवत होती. तो उभा. ते रडणं आधीच खर्चून झालं होतं, कुठल्या तरी डब्यात बंद होऊन विकायला गेलं होतं.

ताहेरा ऐकून सुन्न झाली होती. असलं कुणी पोराला करतं? आणि त्या धक्क्याच्या भरात, का कोण जाणे, कुणी तोंडात बोट घालून काढावं तसं तिचं बाहेर आलं. हारून सकाळी पावणेपाचला उठून बसला होता. छातीत जड लागतंय म्हणाला. तिला रात्री झोप नव्हती, मुस्कानला ताप येऊन गेला होता. ती म्हणाली, नाटकां नको करू, ऊठ. तो उठला. खाली कोपऱ्यावर कंपनीची बस यायची, त्यात बसला. मआमीरच्या कारखान्याच्या अलीकडेच कधीतरी संपला असेल. बस थांबल्यावर सगळे उतरले, तो खिडकीला डोकं लावून बसलेला. लोकांना वाटलं झोपलाय. त्याच्याबरोबर कामाला असलेला नझीर म्हणाला होता, झोपू दे त्याला पाच मिनिटं, रात्री पोर आजारी होती त्याची. पाच मिनिटांची पंचवीस झाली. हे नझीरनं स्वतः घरी येऊन सांगितलं होतं, हारूनचा भरलेला डबा दोन्ही हातांत धरून, आणि डोकं आपटून घेतलं होतं की मी का झोपू दिलं. आणि ताहेरानं त्या माणसाला आपटू दिलं होतं. माझंही असं असं झालंय, हे तिनं त्याला सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही. ओवैसला सांगून झाल्यावर तिला एकदम हलकं वाटलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं होतं, डोळ्यांत पाणी होतं का? होतं. होतं असं तिला दोन वर्षं वाटत आलं होतं.

पडद्यावर थोरल्या भावाची खाट आता रिकामी होती. सिनेमाचा तासभर अजून उरला होता आणि तो तासभर ताहेरानं श्वास मोजत काढला. कारण ओवैस नुसतं तिचं वाक्य बोलून थांबला नव्हता. तो पुढची वर्षंही जगत होता. लोक सांत्वनाला येतात तेव्हा तो जरा जास्तच वेळा पाणी विचारतो. गावी फोनवर सांगतो, नेहमीसारखा गेला, चहा पिऊन गेला. आवाजात कुठंही चीर नाही. रस्त्यात कामगारांची बस गेली की तो बोलता बोलता थांबतो आणि शेवटच्या खिडकीकडे बघतो. फक्त शेवटच्या. हे तिनं सांगितलं नव्हतं! हे ती स्वतःलाही सांगत नव्हती. दवाखान्याच्या काचेतून पांढऱ्या बसगाड्या जाताना दिसल्या की तिचे डोळे शेवटच्या खिडकीवर जाऊन येतात, नऊ वर्षं, आणि तिला वाटायचं हे कुणाला दिसत नाही. मग याला कुठून दिसलं? झल्लाकहून परतताना एकदा तो तिच्याबरोबर गाडीत होता, मनामापर्यंत. तेव्हा एखादी बस गेली असेल. एवढंच. एवढ्यावर त्यानं तिला पुरतं उलगडून पडद्यावर वाळत घातलं होतं. तिला राग आला पाहिजे होता. पण पडद्यावरचा तो पोरगा बसच्या खिडकीकडे बघत असताना तिला त्याची इतकी दया आली की तिला स्वतःचीच भीती वाटली. स्वतःवर अशी दया तिनं कधी केली नव्हती. मुस्कानचा गुडघा तिच्या गुडघ्याला लागत होता. तिनं आपला पाय हळूच काढून घेतला.

दिवे लागले तेव्हा टाळ्या पडल्या आणि ओवैस स्वतः पुढे आला. पांढरा सदरा, दाढी राखलेली, आता सव्वीस वर्षांचा आणि अंगानं भरलेला. नखं खाल्लेली दिसत नव्हती. सुयोगच्या हातात माईक होता. बहरीनमधल्या लोकांनी या सिनेमाला किती मदत केली वगैरे तो बोलला, आणि मग ओवैसनं माईक घेऊन तिसऱ्या रांगेकडे हात केला. "माझी उस्ताद इथं बसलीय. ताहेरा खाला. तिच्यामुळं मी गळा म्हणू शकतो." लोक हसले. "खाला, उभ्या राहा ना." मुस्काननं कोपरानं ढोसलं. ताहेरा उभी राहिली. टाळ्या वाजू लागल्या, मागून, बाजूनं, आणि ती उभी होती, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून. पाठीवर उजेड पडल्यासारखं होत होतं. तिला वाटलं, या टाळ्या त्या वाक्यालाच आहेत. सगळ्यांना कळलंय. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, भाऊ आजारी असताना तुम्ही जे तोडून बोलता, तो प्रसंग फार अंगावर आला, तो लिहिलेलाच होता का? ताहेरा अजून उभीच होती. ओवैस क्षणभर थांबला. "नाही," तो म्हणाला, "स्क्रिप्टमध्ये मी झोपलेला होतो. त्या दिवशी सेटवर ते तोंडातून आलं. कुठून आलं माहीत नाही. आजोबांचं असेल कदाचित. डायरेक्टर म्हणाला, राहू दे." आणि ताहेराकडे बघून तो हसला. ताहेरा बसली. हा आपल्याला झाकतोय, तिला वाटलं. पोरानं आपली लाज राखली.

बाहेर लोक त्याच्याबरोबर फोटो काढत होते. मुस्कान रांगेत लागली. ताहेरा खांबापाशी थांबली, पण ओवैसच गर्दीतून तिच्याकडे आला, वाकून सलाम केला, तिचा हात दोन्ही हातांत घेतला. एवढ्या गोंगाटात त्यांचं बोलणं कुणाला ऐकू जाणार नव्हतं. ताहेरा हळू म्हणाली, "ओवैस, ते वाक्य तू माझं नाव न घेता सांगितलंस. अल्ला तुझं भलं करो."

"कुठलं वाक्य, खाला?"

"ते. नाटकां नको करू."

तो बघत राहिला. कपाळावर एक बारीक आठी आली. "ते तुम्ही शिकवलं होतं? सॉरी, खाला. मला वाटलं... इट जस्ट केम. खरंच. तुम्ही दिलेल्या कागदांत होतं का?"

ताहेरानं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. खूप नीट पाहिलं. ते डोळे स्वच्छ होते, तळ दिसावा इतके. त्यात काही लपवलेलं सापडलं असतं तर तिला सहन झालं असतं. पण लपवलेलं काही नव्हतं, आणि असतं तरी तिला कळलं नसतं, कारण हेच डोळे मघाशी पडद्यावर तितक्याच स्वच्छपणे खोटं बोलताना तिनं पाहिले होते. "झल्लाकला," ती म्हणाली. "ओहोटी होती त्या दिवशी. तू आजोबांचं सांगितलंस. मग मी माझ्या नवऱ्याचं."

"तुमचे मिस्टर वारले, ते आठवतंय मला," तो घाईनं आणि प्रेमानं म्हणाला. "बसमध्ये ना? आजोबांचं मी सगळ्यांनाच सांगतो, खाला. इंटरव्ह्यूमध्ये पण." मग कुणीतरी त्याला हाक मारली. तो तिचा हात दाबून म्हणाला, "तुम्ही आलात, आय ॲम सो हॅपी," आणि गेला. मुस्कानबरोबर फोटो काढताना तो तसाच हसला, जसा तिच्याकडे बघून हसला होता.

सगळ्यांनाच सांगतो. ताहेरा पार्किंगपर्यंत कशी चालत आली तिला कळलं नाही. तिनं जे सात वर्षं जिभेखाली धरलं होतं, ते त्या पोराच्या पोटात गेलं, त्याचं रक्तमांस झालं, आणि कुठून आलं हेही त्याला ठाऊक राहिलं नाही. भात खाणाऱ्याला शेत आठवत नाही, तसं. तो दुष्ट नव्हता. अकराव्या वर्षी त्याला कुणीतरी हे शिकवलं होतं की जे जे घडतं ते वापरायचं असतं, आणि तो शिकला होता. कमालीचं शिकला होता. तिला त्याच्यावर ओरडायला जागाच नव्हती. आणि आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली आणि ती गाडीच्या दारापाशी किल्ली हातात धरून उभीच राहिली. आता ती सुटली होती. जगात एकच माणूस जाणत होता आणि तो विसरला. पुन्हा कुणालाही कळायचं कारण नव्हतं. मरेपर्यंत.

मुस्कान धावत आली आणि पुढच्या सीटवर बसून फोटो बघायला लागली. ताहेराही बसली. गाडी तापून निघाली होती, स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता.

"अम्मी, ही इज सो गुड, ना?" मुस्कान म्हणाली. "लास्ट पार्टमध्ये मी ऑलमोस्ट रडले. फक्त एक ते सकाळचं फेक वाटलं. ब्रदर इज लिटरली डाइंग आणि हा म्हणतो नाटकां नको करू? कोण म्हणतं असं? नोबडी सेज दॅट टू अ सिक पर्सन."

ताहेरानं एसी लावला. गरम हवा तोंडावर आली.

"मी बोलले होते," ती म्हणाली.

"काय?"

"तुझ्या अब्बाला. त्या दिवशी. जड लागतंय म्हणाला. मी बोलले, नाटकां नको करू, ऊठ. चादर ओढून काढली त्याच्यावरची."

मुस्कानचा अंगठा फोनवर तसाच राहिला. पडद्यावर ओवैस आणि ती, गालाला गाल लावून. शेजारच्या गाडीत एक कुटुंब बसलं, दारं आपटली, ते निघून गेले. ताहेरा बोलत होती, कारण आता थांबलं तर पुन्हा येणार नाही हे तिला कळत होतं. "तो करायचा नाटकां. खरंच करायचा. दोनदा पोट दुखतंय बोलून राहिला घरी आणि मॅच बघत बसला. मी पकडलं त्याला. तो हसायचा. म्हणून मना वाटलं... तू आजारी होतीस, मी झोपले नव्हते." हे ओवैसला सांगितलं नव्हतं. स्वतःची बाजू घेतल्यासारखं होईल म्हणून तेव्हा गिळलं होतं. आताही तसंच वाटलं, म्हणून ती मध्येच थांबली.

मुस्काननं फोन उलटा करून मांडीवर ठेवला. ती समोरच्या सिमेंटच्या खांबाकडे बघत होती. खांबावर पिवळ्या रंगात आकडा लिहिला होता.

"ओवैसनं ते कुठून आणलं?" तिनं विचारलं. मग स्वतःच, हळू, "यू टोल्ड हिम."

"हां."

"यू टोल्ड हिम. मला नाही." तिचा आवाज चिरला. "मी घरात होते, अम्मी. मी रोज घरात असते."

"म्हणून तर," ताहेरा म्हणाली. "तो जाणार होता. तू राहणार होतीस."

मुस्कान रडली नाही. तिनं खिडकीकडे तोंड केलं. एकोणीस वर्षांची पोर, मानेवर हारूनसारखाच केसांचा भोवरा. ताहेराला त्या भोवऱ्याला हात लावावासा वाटला, पण तिनं हात मांडीवरच दाबून धरला. लोकांच्या चेहऱ्याला हात लावून त्यांना ते चालवून घेता येणं ही कला तिच्यात नव्हती.

"आणि माझा मुका?" मुस्कान काचेकडेच बघत म्हणाली. "तू बोललीस, जाताना अब्बानं माझ्या कपाळाचा मुका घेतला. मी झोपले होते. मी स्कूलमध्ये लिहिलं ते. आय रोट इट, अम्मी. ॲसेम्ब्लीत वाचलं."

हे ताहेराच्या ध्यानातही नव्हतं. मय्यतीनंतर चौथ्या दिवशी, दहा वर्षांची पोर जेवत नव्हती म्हणून, घास भरवता भरवता तिनं रचलं होतं, एका दमात, डोळ्याला डोळा भिडवून. तिला दचकायला झालं. किती सहज केलं होतं! आणि आताही ते जिभेवर तयार होतं. हां, मुका घेतला, तेवढं खरं आहे. दोन शब्द. पोरीच्या हातात काहीतरी राहिलं असतं. ती तोंड उघडून बसली होती आणि मुस्कान हळूहळू काचेवरून तिच्याकडे वळली. तिनं आपल्या आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सिनेमा बघतात तसं नाही. दवाखान्यात रिपोर्टचा कागद उघडून बघतात तसं.

"नाय," ताहेरा म्हणाली. "नाय घेतला. बसचा हॉर्न झाला. तो एकेक बटण लावीत जिन्यानं खाली गेला. तुझ्या खोलीत आला नाय."

मुस्काननं डोळे मिटले. एसीची हवा आता कुठं गार होत होती. पार्किंगचं तोंड उन्हात पांढरं दिसत होतं आणि त्यातून गाड्या एकामागून एक बाहेर पडत होत्या. मुस्काननं सीटबेल्ट ओढला. पहिल्यांदा तो अडकला, तिनं सैल सोडून पुन्हा ओढला आणि खटकन लावला.

"कुठलं शर्ट होतं?" तिनं विचारलं. इंग्रजीत नाही.

"निळं. कंपनीचं."

"पुढं सांग," मुस्कान म्हणाली. "घर येईपर्यंत सांग. आणि मना बरं वाटेल असं काय नको सांगू."

ताहेरानं गाडी मागे घेतली. हात पोळत होते, पण तिनं स्टिअरिंग धरून ठेवलं.